डिझेल पिकअपसाठी आफ्टरमार्केट एअर फिल्टर निवडताना: आधी धूळ, मग हवा

एअर फिल्टर बदलायची वेळ आली की दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे, "कंपनीचाच टाक, डोक्याला ताप नको." दुसरा, "हाय-फ्लो टाक, गाडी उडेल." पहिल्यात तथ्य आहे, पण कंपनीचा फिल्टर दरवेळी मिळतोच असं नाही, आणि कायम धुराळ्यात चालणाऱ्या गाडीला तो पुरतोच असंही नाही. दुसऱ्याबद्दल, म्हणजे हवा जास्त मोकळी सोडणाऱ्या "हाय-फ्लो" फिल्टरबद्दल, पुढे येईलच. गाडी उडत नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

माझी पिकअप बरीच वर्षं कच्च्या रस्त्यावर माल वाहते. फिल्टरच्या बाबतीत मी शहाणपणाने आणि मूर्खपणाने, दोन्ही प्रकारे पैसे घालवलेत. त्यातून आलेली आफ्टरमार्केट, म्हणजे गाडीच्या कंपनीबाहेरचा, फिल्टर निवडायची पद्धत इथे क्रमाने देतो.

इंजिन हवा खातं किती?

डिझेल इंजिनाचा हिशेब पेट्रोलपेक्षा वेगळा. पेट्रोलमध्ये थ्रॉटलने हवा आवळून ताकद कमी-जास्त करतात. डिझेल साधारणपणे हवा मोकळी घेतं आणि आत डिझेल किती फवारायचं त्यावर ताकद ठरते. त्यामुळे निम्म्या भाराने चाललेली गाडीसुद्धा भरपूर हवा ओढत असते.

२.५ लिटरचं इंजिन २५०० आरपीएमवर फिरतंय असं धरा. फोर-स्ट्रोक असल्याने दर दोन फेऱ्यांना एकदा श्वास घेतं, म्हणजे टर्बोशिवाय मिनिटाला सुमारे तीन हजार लिटर. टर्बोने, म्हणजे हवा दाबून इंजिनात कोंबणाऱ्या पंख्याने, पूर्ण भारावर एक बार (साधारण वातावरणाएवढा) दाब वाढवला की हा आकडा साडेपाच-सहा हजारांवर जातो. दहा बाय बारा फुटांच्या खोलीतली सगळी हवा जेमतेम सहा मिनिटांत गिळून मोकळं.

या हवेतली धूळ म्हणजे बरीचशी सिलिका, पोलादालाही ओरखडे पाडणारी. पिस्टनची रिंग आणि सिलिंडरचं अस्तर म्हणजे लायनर, यांच्या मधला ऑइलचा पापुद्रा मोजक्या मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा) असतो. सगळ्यात घातक कण ५ ते २० मायक्रॉनच्या आसपासचे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड, म्हणजे इंजिन खाणारी धूळ डोळ्याला दिसतच नाही. वाटेत आधी टर्बो लागतो. मिनिटाला लाखाच्या पुढे फिरणाऱ्या त्याच्या पात्यांवर हे कण आपटतात आणि पात्यांची टोकं झिजतात. मग रिंगा, लायनर. गाडी ऑइल खायला लागेपर्यंत कुणालाच काही कळत नाही.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी धूळ किती अडते, मग सील कसं बसतं, मग आयुष्य किती, आणि सगळ्यात शेवटी हवा किती मोकळी जाते. जाहिराती नेमक्या उलट्या क्रमाने बोलतात.

पहिली पायरी: गाडी आणि रस्ता

दुकानात जाण्याआधी बॉनेट उघडा. जुना फिल्टर काढून पाहा: चपटा पॅनेल आहे की गोल डबा? गोल असेल तर सील टोकाला दाबून बसतं की आतल्या पाइपावर घट्ट चढतं? आत आणखी एक छोटा फिल्टर आहे का? त्याला सेफ्टी एलिमेंट म्हणतात. तो असेल तर बाहेरचा मोठा फिल्टर घेताना दोघांची जोडी जुळायला हवी. जुन्याच्या कडेवर छापलेला पार्ट नंबर लिहून घ्या. गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून मागितलेला फिल्टर चुकू शकतो, कारण एकाच मॉडेलमध्ये मधेच इंजिन किंवा फिल्टरची पेटी बदललेली असते.

मग रस्त्याचा प्रामाणिक विचार करा. गाडी बहुतेक डांबरावर चालत असेल तर साधा, चांगल्या प्रतीचा कागदी फिल्टर पुरतो. लेखाचा पुढचा भाग मग कुतूहल म्हणून वाचा. खाण, वीटभट्टी, बांधकाम, शेतरस्ते, किंवा पुढच्या गाडीच्या धुराळ्यात ताफ्याने चालणं असेल, तर धूळ अडवण्याची आणि साठवण्याची ताकद हाच प्रश्न. पाऊस-चिखल जास्त असेल तर ओल्या फिल्टरचं काय होतं हेही पाहावं लागतं.

दुसरी पायरी: आकडे उलटे वाचा

खोक्यावर ९९ टक्के असं लिहिलेलं असतं आणि आपल्याला ते पैकीच्या पैकी वाटतं. फिल्टरचा आकडा मात्र उलटा वाचायचा: किती अडवलं यापेक्षा किती सोडलं ते बघायचं.

समजा फिल्टरच्या आयुष्यात त्याच्याकडे २०० ग्रॅम धूळ आली. ९८ टक्केवाला फिल्टर ४ ग्रॅम आत सोडतो. ९९.५ टक्केवाला १ ग्रॅम. ९९.९ टक्केवाला ०.२ ग्रॅम. वरवर दीड-दोन टक्क्यांचा फरक, पण इंजिनाच्या पोटात जाणारी धूळ चौपट किंवा वीसपट. खोक्यावर टक्केवारीच नसेल आणि नुसतं "उच्च कार्यक्षमता" असेल, तर ते शब्द सोडून द्या.

एअर फिल्टर तपासायची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे आयएसओ ५०११. ठरावीक वेगाने हवा सोडायची, तिच्यात प्रमाणित धूळ मिसळत राहायची आणि फिल्टर ठरावीक मर्यादेपर्यंत चोक होईतो मोजमाप घ्यायचं. यातून तीन गोष्टी कळतात: नवा असताना हवेला अडथळा किती, धूळ किती टक्के अडली, आणि चोक होईपर्यंत किती ग्रॅम धूळ पोटात मावली. विक्रेत्याने या चाचणीचा आकडा दिला तर चाचणीची धूळ कोणती होती हेही विचारा. बारीक धूळ आणि जाड धूळ असे प्रकार असतात, आणि जाड धुळीवर कुठलाही फिल्टर हुशार दिसतो. दोन फिल्टरांची तुलना करायची तर धूळ एकच हवी, हवेचा वेगही एकच हवा.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते. फिल्टर सगळ्यात कमी धूळ अडवतो तो नवाकोरा असताना. वापरात धुळीचा पातळ थर बसला की तो थरच गाळणीचं काम करू लागतो आणि टक्केवारी वाढते. म्हणून "सुरुवातीची" आणि "पूर्ण आयुष्याची" अशा दोन टक्केवाऱ्या असतात. जाहिरातीत मोठी छापतात, लहान गाळतात. आणि म्हणूनच दर आठवड्याला फिल्टर साफ करणारा चालक इंजिनाचं भलं करतोय असं मला वाटत नाही.

तिसरी पायरी: कागद, सिंथेटिक, कापूस की फोम

घड्या घातलेला कागदी फिल्टर दिसायला अगदी साधा, पण चांगल्या कंपनीचा असेल तर धूळ अडवण्यात उत्तम. त्याचं वैर पाण्याशी. भिजला की फुगतो, हवा कोंडते आणि जास्त ओढ बसली तर फाटतोही.

सिंथेटिक धाग्यांचा ड्राय फिल्टर ओलावा बरा सोसतो आणि घड्या ताठ ठेवतो. काही फिल्टरांमध्ये कागदावर नॅनोफायबरचा अतिबारीक थर चढवलेला असतो. धूळ खोलवर न शिरता वरच अडते, त्यामुळे नवा असतानाही टक्केवारी चांगली मिळते. धुळीच्या कामाच्या गाडीसाठी मी हाच प्रकार आधी शोधतो. अट एकच, त्याला कडक हवेचा फवारा मारायचा नाही. तो थर गेला की उरतो साधा कागद.

तेल लावलेल्या कापसाच्या जाळीचा फिल्टर म्हणजे बाजारातला "लाइफटाइम" आणि "हाय-फ्लो". धुऊन पुन्हा वापरता येतो, हवा मोकळी सोडतो, हे दोन्ही खरं. पण मोकळी हवा जाते तिथून बारीक धूळही जास्त जाते. खेरीज त्याची कामगिरी तुमच्या हातावर अवलंबून असते. तेल कमी पडलं तर धूळ आत. जास्त झालं तर ते उडून आत जाणारी हवा मोजणाऱ्या मास एअर फ्लो सेन्सरच्या तापलेल्या नाजूक तारेवर किंवा पट्टीवर बसतं.

हे दुसरं मी स्वतः केलंय. रविवारी निवांत बसून फिल्टर धुतला, वाळवला आणि "असू दे थोडं जास्त" म्हणत निम्मी बाटली ओतली. सोमवारी चढाला गाडी वेगच घेईना. सेन्सर हवा कमी दाखवत होता, कॉम्प्युटर त्याच्या हिशेबाने डिझेल कमी सोडत होता, आणि मी टर्बो गेला म्हणून धास्तावलेला. सेन्सरसाठीच्या क्लीनरच्या फवाऱ्याने काम भागलं, पण तोवर दोन दिवस गेले.

तेल लावलेला फोम चिखल-पाण्यात तग धरतो आणि धूळ बरीच साठवतो. त्याचं तेलपाणीही नेटाने करावं लागतं, आणि पेट्रोलने धुतला तर जोड सुटून तुकडे पडायला लागतात. ज्याला दर महिन्याला निगुतीने हे करायची आवड आहे त्याने घ्यावा. गाडी ड्रायव्हरच्या हातात असेल तर ड्राय फिल्टरच बरा.

"हाय-फ्लो"ने ताकद वाढते का?

स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशाच गाडीत, ड्रायव्हरच्या सीटवर जाणवेल इतकी नाही. नव्या फिल्टरमुळे एक किलोपास्कलचा अडथळा कमी झाला असं धरलं, तरी वातावरणाचा दाब साधारण १०० किलोपास्कल. म्हणजे फरक शंभरात एकाचा. आणि टर्बोचा दाब कॉम्प्युटर मोजून राखतो, तेव्हा तेवढी कसर टर्बो थोडा जास्त फिरून भरून काढतोच. डिझेल किती सोडायचं हे कॉम्प्युटरमधल्या तक्त्यात ठरलेलं आहे, ते फिल्टर बदलून बदलत नाही.

आवाज मात्र वाढतो. उघड्या फिल्टरमधून टर्बोची शीळ छान ऐकू येते, आणि कान खूश झाला की पायाला गाडी हलकी वाटते. रिमॅप केलेल्या (कॉम्प्युटरमधला तो तक्ता बदललेल्या), मोठा टर्बो बसवलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. तिथे हवेची भूक खरोखर वाढलेली असते. पण अशा गाडीलाही माझा सल्ला मोठ्या क्षेत्रफळाच्या चांगल्या फिल्टरचा, विरळ जाळीचा नव्हे.

मायलेजचंही तसंच. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये आधुनिक पेट्रोल गाड्यांवर प्रयोग केले. फिल्टर मुद्दाम चोक करूनही मायलेजमध्ये दखल घेण्याजोगा फरक पडला नाही, गाडीचा वेग पकडणं मात्र मंदावलं. डिझेलला हे जसंच्या तसं लागू करू नये, कारण फारच चोक झालेल्या फिल्टरमागे टर्बोला जास्त राबावं लागतं. पण फिल्टरच्या जिवावर लिटरमागे दोन किलोमीटर वाढवून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे जावं.

चौथी पायरी: हातात घेऊन तपासा

इथे घाई करू नका. जुना आणि नवा फिल्टर शेजारी शेजारी ठेवा.

आधी सील. कडेच्या रबराची जाडी चारही बाजूंनी बोटाने चाचपा. मऊ पण चिवट असायला हवं, दाबून सोडलं की परत फुगायला हवं. कोपऱ्यात जोड असेल तर तिथे फट किंवा गोळा नको. गोल फिल्टर पाइपावर चढवताना थोडा विरोध जाणवायलाच हवा. लोण्यासारखा सरकला तर तो फिल्टर परत करा.

कोपऱ्याबद्दल इतकं बोलतो त्याला कारण आहे. एकदा चकचकीत खोक्यातला एक पॅनेल फिल्टर घेतला. वरून कीर्तन, आतून तमाशा. रबर कंपनीच्या फिल्टरपेक्षा दोनेक मिलिमीटर बारीक होतं, पण झाकणाच्या क्लिपा खटाखट लागल्या म्हणून दुर्लक्ष केलं. तीन आठवड्यांनी सहज उघडून पाहिलं तर एका कोपऱ्यातून स्वच्छ बाजूला, खडूने ओढावी तशी बोटभर लांब पिवळसर रेघ. घड्या अजून बऱ्यापैकी पांढऱ्या होत्या. हवेला कागदातून जाण्यापेक्षा ती फट सोपी पडत होती. त्या फिल्टरची टक्केवारी काहीही असो, त्या कोपऱ्यातून ती शून्य होती.

मग घड्या मोजा. हो, बसून मोजा. क्षेत्रफळ काढणं सोपं आहे: घड्यांची संख्या गुणिले दोन, गुणिले घडीची खोली, गुणिले घडीची लांबी. ६० घड्या, ४ सेंटीमीटर खोल, १८ सेंटीमीटर लांब, तर ८,६४० चौरस सेंटीमीटर. त्याच मापाच्या दुसऱ्या फिल्टरमध्ये ४२ घड्या असतील तर ६,०४८. बाहेरून दोघे जुळे भाऊ, पण दुसऱ्यात तीस टक्के कागद कमी. तो लवकर चोक होणार. दुसरं टोकही टाळा. घड्या एकमेकींना चिकटतील इतक्या कोंबल्या असतील तर मधल्या भागातून हवा जातच नाही. चांगल्या फिल्टरमध्ये घड्यांमध्ये गोंदाच्या रेषा किंवा उठाव असतात, ते अंतर राखायला.

शेवटी टॉर्च. अंधाऱ्या जागी फिल्टरमागे धरा. कागदातून मंद, एकसारखा उजेड यावा. टाचणीच्या टोकाएवढा तेजस्वी ठिपका दिसला तर ते भोक आहे. घड्या आणि चौकटीच्या सांध्यावर टॉर्च फिरवायला विसरू नका, गोंद तिथेच तुटलेला असतो. कापसाच्या जाळीला ही कसोटी लावू नका, तिच्यातून उजेड येणारच.

मान, माहले, डोनाल्डसन यांसारख्या कंपन्या गाडी बनवणाऱ्यांनाही फिल्टर पुरवतात आणि स्वतःच्या नावानेही विकतात. अशा कंपनीचा घेतलात तर निम्मी काळजी मिटते. उरलेली निम्मी नकली मालाची. छपाई फिकी, पार्ट नंबर फक्त खोक्यावर आणि फिल्टरवर नाही, रबराला उग्र वास, वजन जुन्यापेक्षा बरंच हलकं, यातलं एकही आढळलं तर दुकान बदला.

पेटी काढून उघडा कोन लावावा का?

माझं उत्तर नाही. कंपनीची पेटी बाहेरची थंड हवा घेते. उघडा कोन, म्हणजे पेटीशिवायचा शंकूसारखा फिल्टर, बॉनेटखालची गरम हवा ओढतो. हवा दहा अंशांनी तापली की तिची घनता साधारण तीन टक्क्यांनी घटते. टर्बोनंतर हवा थंड करणारा इंटरकूलर थोडं सावरून घेतो, पण फायद्यासाठी केलेल्या खर्चाने तोटा कशाला घ्यायचा? शिवाय पेटीत धूळ आणि पाणी खाली पडायला जागा असते. तीच काढून टाकली तर फिल्टरला सगळं अंगावर घ्यावं लागतं. काही किटांमध्ये हवेचं तोंड खाली, बंपरजवळ येतं. पाण्यातून गाडी घातली आणि इंजिनाने पाणी ओढलं तर पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो.

धूळ फारच असेल तर पैसे प्री-क्लीनरवर घाला. हवा गोल फिरवून जड धूळ बाहेर फेकणारं ते साधं यंत्र आहे. फिल्टरवरचा भार त्याने चांगलाच उतरतो.

बसवताना आणि नंतर

जुना फिल्टर काढण्याआधी पेटी बाहेरून पुसा. काढल्यावर पेटीचा आतला भाग ओलसर कापडाने पुसून घ्या, हवेचा फवारा नको, धूळ उडून टर्बोकडे जाते. सील बसते ती खाच बोटाने फिरून पाहा, खडा किंवा जुन्या रबराचा तुकडा राहिलेला असतो. पेटीच्या तळाला पाण्याचं भोक किंवा रबरी चोच असेल तर ती मोकळी आणि न फाटलेली असावी. मग पेटीपासून टर्बोपर्यंतचा होज वाकवून त्याच्या वळ्यांमध्ये चिरा शोधा आणि क्लॅम्प आवळा. फिल्टर सोन्याचा बसवला आणि होज फाटका, तर सगळं मुसळ केरात. होजमध्ये तेलाचा हलका लेप दिसला तर दचकू नका, इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ बाहेर सोडणारा क्रँककेस ब्रीदर बहुतेक गाड्यांमध्ये तिथेच उघडतो.

५०० किलोमीटरनंतर पुन्हा उघडा आणि फिल्टरच्या पुढच्या, स्वच्छ बाजूच्या पाइपात पांढरं कापड बोटाला गुंडाळून फिरवा. कोरडी धूळ लागली तर सील किंवा होज गळतंय. किलोमीटर वाढत जातील तसं ऑइल बदलताना थोडं ऑइल प्रयोगशाळेत देता आलं तर उत्तम. अहवालात सिलिकॉन आणि त्याच्याबरोबर लोखंड, ॲल्युमिनियम चढलेलं दिसलं तर धूळ आत जातेय. एकटं सिलिकॉन वाढलं असेल तर नुकत्याच लावलेल्या गॅस्केटच्या सीलंटचंही असू शकतं.

बदलायचा कधी? कागदाच्या रंगावरून नाही. काळवंडलेला फिल्टर पुष्कळदा तरुण असतो. पेटीवर चोक दाखवणारा छोटा इंडिकेटर बसवून घ्या, तो फिल्टरमागची ओढ मोजतो. डिझेलमध्ये साधारण २५ इंच पाणी (ओढ मोजायचं एक माप), म्हणजे ६.२ किलोपास्कलच्या आसपास बदलायची खूण असते, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा अंतिम. इंडिकेटर नसेल तर पुस्तकात धुळीच्या कामासाठी दिलेलं कमी अंतर धरा.

आणि टायरवर आपटून साफ करणं बंद करा. त्या आपटण्याने धूळ थोडी पडते, चौकट वाकते, आणि सील पुन्हा तसं बसत नाही. अगदीच अडलं तर स्वच्छ बाजूकडून बाहेर, दोन बारच्या आत दाब ठेवून, हातभर लांबून हवा मारा आणि पुन्हा टॉर्चची कसोटी घ्या. सेफ्टी एलिमेंटला तर हातच लावू नका. बाहेरचा फिल्टर तीनदा बदलला की तो एकदा नवा टाकायचा.